गाजरगवत उपटायचं कुणी?

(असोदा, जि. जळगाव येथे शेतकरी आणि शेतमजूर बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



असोदा म्हटलं की लोकांना भरताची वांगी आठवतात, बहिणाबाईंचं माहेर आठवतं. मी मात्र आज कुणीही न पेरलेल्या पिकाबद्दल बोलणार आहे. येताना रस्त्याच्या दोन्ही कडांना ते दिसलंच. गाजरगवत. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. नाव मोठं देखणं आहे!

हे तण मूळ अमेरिका खंडातलं. १९५५ साली पुण्यात ते नजरेत आलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं सगळे सांगतात, त्याआधीचे वाळवलेले नमुनेही संग्रहांत सापडले आहेत. कसंही आलेलं असो, इथे त्याला खाणारं कुणी नव्हतं. गुरं तोंड लावत नाहीत, आणि भुकेपोटी खाल्लंच तर दूध कडू होतं. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया. पहिल्या पावसाबरोबर उगवतं आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. बी वाऱ्यानं जातं, गाडीच्या चाकाला चिकटून जातं, शेणखतातून जातं आणि पाण्याबरोबर तर फार लांब जातं.

म्हणून एकेकटीनं आपलं वावर साफ करून भागत नाही. वरच्या अंगाला बांधावर, गावठाणात, सडकेच्या कडेला ते फुललं की बी नाल्यात उतरतं. नाल्याचं पाणी शेवटी तापीला आणि तापी सुरतेकडून समुद्राला. पाणी अडवताना आपण माथ्याकडून पायथ्याकडे काम करत येतो, तणाचंही तसंच करावं लागतं. आणि त्यातली पुष्कळ जागा कुणा एकाची नसते. ती पंचायतीची, बांधकाम खात्याची, रेल्वेची. तिथलं गवत कुणाचंच नाही आणि त्याचं बी मात्र सगळ्यांचं.

आता हे काढतं कोण? निंदणी बायकांची, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण बांधावर वाकलेल्या पाठी मोजा. या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्यानं कातडी बिघडते. पापण्या सुजतात, मानेवर आणि कोपराच्या घडीत चट्टे उठतात, कातडी जाड आणि काळी पडते. एकदा अंगाला ते सोसेनासं झालं की पुढे नुसत्या वाऱ्यानंही त्रास होतो. पुण्यातल्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकातच यावर लिहून ठेवलं आहे. आपल्या देशातल्या वैद्यकीय नोंदींत या रोगाचे पुरुष रुग्ण जास्त आढळतात. त्याची कारणं डॉक्टर देतील ती देतील. मला एवढंच विचारायचं आहे की अंगाला खाज सुटली म्हणून रोज बुडवून, एस.टी.चं भाडं खर्चून तालुक्याच्या दवाखान्यात कोणती बाई जाते? तिची खाज खोबरेल तेलावरच निभावते. नोंद व्हायची कुठून?

वर निर्मूलनाच्या मोहिमा. दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत सप्ताह असतो. माहिती पोचवायला तो ठीकच आहे. पण गावात त्याचं काय होतं? महिला मंडळाला निरोप येतो, श्रमदानाला या. शाळेची पोरं येतात. उघड्या हातांनी उपटतात, फोटो निघतो. जूनच्या पावसात उगवलेलं झाड तोवर फुललेलं असतं. म्हणजे त्रास सगळ्यात जास्त, आणि हलवून हलवून बी आपणच सांडायचं! खरी वेळ जूनअखेर ते जुलैची. तेव्हा ओल्या मातीतून मुळासकट येतं. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. फुलण्याआधीचं खड्ड्यात कुजवून खत होतं, फुललेलं मात्र खतात घालू नका.

मग तणनाशक मारा, असं म्हणणारे आहेतच. त्यानं निंदणीची मजुरी जाते. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी चारा कापायला कोण जातं तेही तुम्हाला ठाऊक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध वेगळं, पण मास्क आणि मोजे न देता माणसाला वावरात धाडण्याची रीत तीच. औषध कोणतं आणायचं हे ज्याच्या नावावर सातबारा तो ठरवतो, आणि पंपाला पाणी आणून देते ती बाई.

१९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला. माती वाहणं हे मजुरी देण्याजोगं सार्वजनिक काम ठरलं. मग सार्वजनिक जागेतलं विषारी तण काढणं श्रमदान कसं?

ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. पावसाच्या आधी तिथे हा विषय मांडा. गावठाण, शाळेचं आवार, नाल्याचे काठ यांची यादी करा. कामाला मजुरी मागा, सोबत रबरी हातमोजे आणि तोंडाला फडकं. ज्यांना एकदा चट्टे उठलेत त्यांना या कामावर घ्यायचं नाही, दुसरं काम द्यायचं, हेही ठरावात लिहून घ्या. मोकळ्या झालेल्या जागेवर तरोटा फेका, तो गाजरगवताला दाबतो. मेक्सिकोहून १९८३ साली बंगळूरला आणलेला एक भुंगाही हे गवत खातो. पिवळसर, पाठीवर काळ्या रेघा, पावसाळ्यात पानं चाळणीसारखी करतो. तो सगळं संपवत नाही, पण दिसला तर मारू नका, आणि त्या तुकड्यावर फवारणी होऊ देऊ नका.