ज्वारी थेट डोंबिवलीत



जाहिरात हा पैसेवाल्यांचा खेळ, असं आपण धरून बसलो आहोत. डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानानं गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. पुढं ठाण्यात, गिरगावात तोच पायंडा पडला. माणसानं माणसाला दिलेला निरोप, हेच तिचं भांडवल.

२०२० च्या टाळेबंदीत ठाण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी व्हॉट्सअॅपवर मागणी गोळा केली आणि शेतकऱ्यांचे भाजीचे टेम्पो थेट फाटकाशी लागले. पण भाजी रोज लागते, रोज नासते, भाडंही रोजचं. ज्वारीचं तसं नाही. नीट वाळवली, पाखडली तर महिनोन् महिने टिकते, एका खेपेत वीस घरांचं काम होतं. कापूस मात्र जिनिंगलाच जाणार. तिथं हा इलाज चालत नाही, हे आम्ही आत्ताच सांगून ठेवतो.

आपल्या गावची पोरं कल्याण-डोंबिवलीत नोकरीला आहेतच. त्यांच्या सोसायटीच्या गटात ज्वारीचा फोटो, वाण, भाव आणि गाडी पोचण्याचा दिवस टाकायला सांगा. भाव मात्र आपण काढायचा: बी, खत, काढणी, मळणी, बारदाना, भाडं आणि घरच्या बायामाणसांची मजुरी. ही शेवटची रक्कम गाळली तर व्यापाऱ्याला लुटारू म्हणायचा अधिकार आपल्याला उरत नाही. आणि पोत्यात खडे निघाले तर त्याचाही फोटो त्याच गटात पडेल!

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं तिकडच्या पाच घरांची नावं लिहून आणावीत. गाडीचं भाडं तिथंच ठरवू.