वार्धक्याचा ताळेबंद
(आरोग्य-अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



२०११च्या जनगणनेनुसार भारतातील साठी ओलांडलेल्या नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. वृद्ध वाढले की आरोग्यखर्चही त्याच प्रमाणात वाढणार, हे गणित वरकरणी बिनतोड वाटते. तथापि १९९९ मध्ये पीटर झ्वाइफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील आकडेवारीच्या आधारे त्यालाच आव्हान दिले. खर्च वाढतो तो वयामुळे नव्हे, तर मृत्यू समीप आल्यामुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा सिद्धांत भारताला जसाच्या तसा लागू करता येईल काय? स्वित्झर्लंडमध्ये आरोग्यविमा सक्तीचा आहे. आपल्याकडे २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भार नागरिकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. ज्याचा खिसा रिकामा, तो वृद्ध दवाखान्याची पायरीच चढत नाही. आणि त्याचा खर्च शून्य नोंदवला जातो. शून्य खर्च म्हणजे निरामय आयुष्य नव्हे, हे संशोधकाने प्रथम ध्यानी घ्यावे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचे ५ लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, खुले झाले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे संरक्षण आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा त्यात येत नाही.

ही शुश्रूषा कोण करते? २०१९च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात घरातील माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ७६ मिनिटे. यात बालसंगोपनही आहे. वृद्धसेवेचा वाटा वेगळा काढणे हेच संशोधनाचे कार्य. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढील व्यक्ती व त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. ती सामग्री अभ्यासकांसाठी उपलब्ध आहे.

कुटुंब हा आपल्या समाजाचा आधारस्तंभ आहे, हे निर्विवाद. पण स्तंभावरील भार न मोजता वर मजले चढवीत गेले, तर एक दिवस त्याला तडे जातात. सुनेने सोडलेली नोकरी आणि मुलाने काढलेले कर्ज कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. ते ज्या प्रबंधात दिसेल, तोच प्रबंध धोरणकर्त्यांच्या उपयोगी पडेल. सेवाधर्माचा गौरव भाषणांतून पुष्कळ झाला. आता त्याची नोंद हिशेबाच्या वहीत व्हावी.