पटावरचं नाव टिकवायचं तर



पाचवीत आपल्यासोबत बसलेले सगळेच दहावीच्या फोटोत नव्हते. आजही तेच घडतं.

आपल्याच कराड तालुक्यात, काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शाळा चालते ती घराच्या आधारावर, हे त्यांनी जाणलं होतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. पण या कायद्याचं छत्र आठवीपर्यंतच. नववीत खाडे वाढले, की मुलगा कामाला लागतो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ऊसतोडीच्या फडावर राबणारे आईबाप दुपारच्या पालकसभेला कसे येणार? मग आपणच संध्याकाळी त्यांच्या खोपीवर जावं. तक्रार घेऊन नव्हे. पोराला काय चांगलं येतं, ते सांगायला.

देणगी आपण देऊच. त्याआधी एक करूया. सरांकडून नववीतल्या गैरहजर मुलांची यादी घेऊ आणि दोघादोघांनी एकेक घर वाटून घेऊ.