पहिले पाऊल आणि गावाचा ठराव



कृष्णा-पंचगंगेच्या या संगमभूमीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.

नृसिंहवाडीचा घाट आणि खिद्रापूरचा कोपेश्वर ही या शिरोळ तालुक्याची जुनी ओळख. ४ मे २०२२ रोजी तिच्यात हेरवाडची भर पडली. त्या दिवशी हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता इतर गावांपुढे ठेवला.

रूढी मोडणारी माणसे समाज कशी बदलतात, हा या संमेलनाचा विषय. त्यासाठी आणखी एका गावाकडे पाहावे लागते. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. कायद्याने त्याला १८५६ पासूनच मुभा होती. तरीही हे दांपत्य मुरूडला गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्याच गावात त्यांना पंगत बंद झाली. कायदा होऊन ३७ वर्षे लोटली होती. गावाचे मन मात्र तिथेच होते.

एका गावाने बहिष्कार घातला, दुसऱ्याने एकत्र येऊन प्रथाच मोडली. मधले १२९ वर्षांचे हे अंतर कापायला बळ कोणी दिले? पहिल्या माणसाच्या खांद्यावरचे ओझे ज्यांनी थोडे थोडे वाटून घेतले, त्यांनी. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाने गोदूबाईंना शिक्षण दिले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले. ज्या हातात वस्तरा, त्या हातांनीच नकार दिला. हातावर पोट असताना दिला. अलीकडे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी स्वतःच्या मृत्यूनंतर पत्नीवर विधवा प्रथा लादू नये, असे प्रतिज्ञापत्र करून दिले आणि ही मोहीम गावोगाव नेली. करोनाने घरोघरी तरुण बायका विधवा केल्या होत्या. हेरवाडने ती हाक ऐकली.

मित्रहो, एकट्याच्या धैर्याने रूढीला तडा जातो. ती मोडते ती शेजाऱ्यांनी साथ दिल्यावर. शंभर वर्षांनी पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. आज गल्लीत कुणी जातीबाहेर लग्न केले, तर त्या घरी जेवायला जाणे अवघड आहे. विधवा जावेला हळदी-कुंकवाला बोलावून पहिला मान देणे अवघड आहे. ठराव कागदावर होतो, पण तो टिकतो की नाही हे अशा उंबरठ्यांवर ठरते.

म्हणून स्वागत समितीने ठरवले आहे, की दीपप्रज्वलनाचा मान करोनात जोडीदार गमावलेल्या आपल्या तालुक्यातील दोन भगिनींना द्यायचा. प्रतिनिधींना माझी विनंती आहे : दोन दिवसांच्या चर्चेतून आपल्या गावात अशी एकाकी पडलेली एक तरी व्यक्ती कोण, हे मनाशी ठरवून जा आणि परतल्यावर तिच्या बाजूने उघडपणे उभे राहा.

आपले पुन्हा एकदा स्वागत. कुठे गैरसोय झाली तर हक्काने सांगा. हे घर आपलेच आहे.