रॉकेट उडतं त्या जागेवर आधी कोण होतं?

(पिशोर येथे महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



बचत जमा झाली, कर्जाचे अर्ज झाले, थकबाकीवर बोलून झालं. आता दहा मिनिटं रॉकेटबद्दल बोलणार आहे. हसू नका! चांद्रयान चंद्रावर उतरलं, २३ ऑगस्ट २०२३ ला, तेव्हा टीव्हीवर नाहीतर पोराच्या मोबाइलवर कितीजणींनी बघितलं? बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात वर. ते यान १४ जुलैला आंध्र प्रदेशातल्या श्रीहरिकोट्याहून उडालं होतं. आपण वर जाणारी आग बघितली. आज आपण त्याच्या खालची जमीन बघू.

आधी हे सांगते, की मोठी रॉकेटं समुद्राकाठूनच का उडवतात. रॉकेट वर जाताना त्याचे जळून रिकामे झालेले भाग गळून खाली पडतात. ते वस्तीवर पडले तर अनर्थ होईल, म्हणून समुद्र बरा. दुसरं कारण, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तापाशी हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. पळत्या बैलगाडीतून पुढे दगड फेकला तर गाडीचाही वेग दगडाला मिळतो ना, तसंच पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला पृथ्वीचा वेग फुकटात मिळतो. म्हणून पूर्वेला मोकळा समुद्र असलेली जागा शोधतात. नकाशावर ती जागा रिकामी दिसते. पण खरंच रिकामी असते का?

आपल्या देशात सुरुवात झाली केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या थुंब्याला. तिथली रॉकेटं लहान होती, वरच्या हवेचा अभ्यास करणारी. पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा तिथून जवळ जाते, म्हणून शास्त्रज्ञांना तीच जागा हवी होती. डॉ. विक्रम साराभाईंसाठी ही जागा शोधण्याच्या कामात आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. पण थुंबा हे मच्छीमारांचं गाव. घरं होती, नारळाची झाडं होती, मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढे विषय मांडला आणि लोकांनी होकार दिला, हा प्रसंग अब्दुल कलाम पुढे नेहमी सांगायचे. मग चर्चमध्ये कामाची जागा झाली, बिशपच्या घरात ऑफिस, गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा. रॉकेटचे भाग सायकलवरून नेत. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. ते चर्च पाडलं नाही. आज तिथे अंतराळ संग्रहालय आहे.

लोकांना विचारलं, हे चांगलंच झालं. पण माझ्या मनात येतं, की होकार देताना मासे विकणाऱ्या बायकांना कोणी वेगळं विचारलं असेल का? घर हललं की पाण्याची वाट बदलते, बाजाराची वाट बदलते, शेजारीण बदलते. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पुढे मोठ्या रॉकेटसाठी पूर्व किनारा हवा होता. तेव्हा श्रीहरिकोटा ठरलं. एका बाजूला पुलिकत सरोवर, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर, असं ते बेट. तिथे सुरूची आणि निलगिरीची झाडं लावलेली होती, त्यांचं सरपण निघायचं. आणि तिथे यानादी समाज राहत होता. जंगलातली कंदमुळं, मध, सरोवरातले मासे यांवर जगणारी आदिवासी माणसं. जमीन घेतली गेली, त्यांचं जंगलातलं जगणं आटत गेलं. ९ ऑक्टोबर १९७१ ला तिथून पहिलं छोटं रॉकेट उडालं. १८ जुलै १९८० ला तिथूनच भारतानं आपल्या रॉकेटनं आपला उपग्रह सोडला. आता सांगा, पिढ्यान्‌पिढ्या कंद खणणाऱ्या बाईकडे त्या जंगलाचा सातबारा कुठून असणार? आणि कागद नाही, तर मोजणीत तिचं नुकसान कोण धरणार?

बाहेरच्या देशातही हेच. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानामध्ये कुरू नावाचं केंद्र आहे. आपले बरेच उपग्रह तिथून गेलेत. त्याच मुलखात १८५२ पासून फ्रान्स आपले कैदी पाठवायचा, आणि कुरूसमोरच्या बेटांवर त्यांचा तुरुंग होता.

आता कोणी म्हणेल, मग रॉकेट नको का? मी तसं म्हणत नाही. वादळाची सूचना उपग्रहामुळे आधी मिळते, त्यानं मच्छीमारांचेच जीव वाचतात. पण जी जागा देशासाठी जाते, ती कुणाच्या तरी चुलीखालची असते, एवढं आपण विसरायचं नाही.

पिशोरला समुद्र नाही, इथे रॉकेट येणार नाही. पण आपल्या जिल्ह्यानं जायकवाडीसाठी गावं उठलेली पाहिलीत, समृद्धी महामार्गासाठी शेतं गेलेली पाहिलीत. उद्या आपल्याकडेही कशासाठी तरी मोजणी येऊ शकते. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, २०१३ चा भूसंपादन कायदा फक्त जमीनमालकाला मोजत नाही. त्या जमिनीवर पोट असलेले मजूर आणि कसणारेही त्यात बाधित धरले आहेत. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला त्यात वेगळं कुटुंब मानलंय.

दोन, लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं.

तीन, गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचा शासन निर्णय २००३ सालापासून आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून बघा.

पुढच्या सभेला प्रत्येकीनं घरातला सातबारा आणि नमुना आठ आणायचा. ज्या मजुरीवर जगतात त्यांनी जॉबकार्ड आणायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सचिव ताई वाचून दाखवतील. कुठे कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, याची यादी आपण गटागटानं करू. ज्यांचं नाही त्यांचे अर्ज त्याच दिवशी लिहायला घेऊ.

मोजणीवाला दारात उभा राहिल्यावर कागद शोधण्यात अर्थ नाही. आत्ता शोधू.