जुन्या गाडीला मोठी चाकं : गटाच्या बैठकीतला एक कर्जअर्ज

गेल्या वेळी आपण पापडखाराच्या प्रमाणावर बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे बायकांच्या कार्यक्रमात कुठून आलं? तर ते आमच्या मासिक बैठकीतून आलं. अंतर्गत कर्जाचा अर्ज होता, रक्कम २८ हजार, कारण लिहिलं होतं ‘गाडीदुरुस्ती’. आमच्या गटात कारण वाचून प्रश्न विचारायची पद्धत आहे. विचारलं तेव्हा कळलं, दुरुस्ती नव्हे, ताईंच्या मुलाला २००८ सालच्या मारुती ८०० ला मोठ्या अलॉय रिंगा आणि रुंद टायर टाकायचे आहेत. गाडी स्पोर्ट्स गाडीसारखी दिसते म्हणे.

एक मावशी लगेच म्हणाल्या, “हप्ता वेळेवर भरत्यात ना, मग पोराची हौस आपण का मोजायची?” त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण याच गाडीतून गटाच्या मसाल्याची पोती आठवडी बाजाराला जातात, आणि पोत्यांबरोबर आम्ही तिघी-चौघी बसतो. म्हणजे चाक त्यांचं असलं तरी जीव आमचाही आहे. म्हणून ठरवलं, आधी समजून घेऊ, मग पुढच्या बैठकीत ठराव.

सुरुवात टायरवरच्या आकड्यांपासून केली. तुमच्या दारात गाडी असेल तर तुम्हीही वाचून बघा. या गाडीच्या टायरवर असतं १४५/७० आर १२. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ७० इतकी टायरच्या भिंतीची उंची. १२ म्हणजे रिंग १२ इंची. आता साधा हिशोब. १२ इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळून २०३. पूर्ण चाक झालं ५०८ मिलिमीटरचं.

मुलाला हवा होता १५५/६५ आर १३. तोच हिशोब केला तर ५३२ येतात. फरक २४ मिलिमीटरचा, साधारण एक इंचाचा. ऐकायला काहीच नाही. पण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तीन इंच जास्त पुढे जाते, आणि गाडीचं मीटर तर फेरेच मोजतं. काटा बरोबर आहे असं धरलं तरी तो ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ च्या जवळ असेल. ४० किलोमीटरच्या बाजाराला मीटरवर ३८ च दिसतील. मग पेट्रोल भागिले किलोमीटर केलं की गाडी कमी ॲव्हरेज देते असं वाटणार. त्यातली थोडी घट खरी असेल, थोडी नुसती मोजणीतली. आमच्या हिशोबनीस ताईंना हे फारच आवडलं. त्या म्हणाल्या, ही तर माप बदलून धान्य मोजल्यासारखी गत.

चाक मोठं झालं की इंजिनालाही जड जातं. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा लांबल्यासारखा होतो. सपाट रस्त्याला कळणार नाही, पण मागे पोती आणि चार माणसं घेऊन घाट चढताना पहिला गिअर कमी पडतो. ब्रेकचंही तसंच. ब्रेक तेच जुने आणि थांबवायचं चाक मोठं. त्यात रिंग वजनाला भारी निघाली तर आणखी ताण. अलॉय म्हणजे हलकी असं सगळे म्हणतात, पण स्वस्तातल्या सगळ्याच हलक्या नसतात. वजनकाट्यावर ठेवून बघायला कुणी नाही म्हणत नाही.

मुलाकडे याला उत्तर होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, “काकू, रिंग मोठी घ्यायची आणि टायर बारका घ्यायचा, म्हणजे बाहेरचं माप तेच राहतं.” खरं आहे. नव्या गाड्यांमध्ये हेच दिसतं, रिंग मोठी आणि रबराची पट्टी पातळ. वळणावर अशी गाडी कमी झुकल्यासारखी वाटते. पण ५०८ मिलिमीटरमध्येच १४ इंची रिंग बसवली तर टायरची भिंत चार इंचांवरून तीनवर येते. खड्ड्यातला दणका आधी ती भिंतच सोसत असते. ती पातळ झाली की दणका रिंगेला, तिथून बेअरिंगला, आणि शेवटी आमच्या कमरेला. आमच्या बाजाराच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर काय उरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता बसण्याबद्दल. गाडी गॅरेजात रिकामी उभी असताना मोठं चाक बरोबर बसलेलं दिसतं. खरी परीक्षा मागे माल भरल्यावर, स्पीडब्रेकरवर आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होते. मडगार्डच्या आत टायर घासू लागला तर तो हळूहळू कापला जातो, बाहेरून दिसतही नाही. रिंगेच्या बोल्टची भोकं जुळायला हवीत, आणि रिंग किती आत किंवा बाहेर बसते तेही. फार बाहेर आली तर बेअरिंगवर ताण, फार आत गेली तर आतल्या भागाला घासते. जुळत नाही म्हणून मध्ये चकती घालून बसवून देणारे आहेत. आमचं मत विचाराल तर अशा ठिकाणाहून चहा न घेता उठावं.

कायद्याचंही बघितलं. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे स्पष्ट केलं आहे. या गाडीची १५ वर्षं २०२३ मध्ये भरली, तेव्हा तपासणी होऊन पाच वर्षं वाढवून मिळाली. पुढची तपासणी २०२८ ला. तेव्हा बॉडीबाहेर आलेली चाकं घेऊन आरटीओत कोण जाणार? विम्याचंही आहे. बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो.

पुढच्या बैठकीला आम्ही मुलालाच बोलावलं. तो मोजपट्टी घेऊन आला, आमचे आकडे तपासले आणि मग जरा गप्प झाला. ताईंचा चेहरा उतरला होता, लेकाचं मन मोडेल म्हणून. मग त्याच मावशींनी विचारलं, “बाळा, आत्ताचे टायर किती जुने?” कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळ्या जणी उठून बाहेर गेलो. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे होतं ३११४. म्हणजे २०१४ सालच्या ३१ व्या आठवड्यातले! भिंतीला बारीक चिरा पडलेल्या, आणि मागचा एक तर झिजून खुणेला टेकलेला. गाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही, आणि तेवढी उरली की खाचेतल्या उंचवट्याची खूण वरच्या रबराशी सपाट दिसते.

तिथेच ठराव झाला. मूळ मापाचे चार नवे टायर, अलाइनमेंट, पुढचे ब्रेक पॅड आणि मागचे ब्रेक शू, एवढ्यासाठी १६ हजार, महिन्याला शेकडा २ व्याजाने, १६ हप्त्यांत. इतिवृत्तात कारणही नीट लिहिलं.

एक गोष्ट दुकानात गेल्यावर समजली, ती सांगून ठेवते. दुकानदार “१२ इंचीच आहे, मजबूत आहे” म्हणून मालगाडीचा १४५ आर १२ टायर दाखवतात. त्यात ७० चा आकडा नसतो. तो टायर उंचीला मोठा आणि कडक असतो, छोट्या टेम्पोसाठी बनवलेला. १२ आकडा बघून घेऊ नका, पूर्ण ओळ वाचा. शेवटी भार आणि वेगाची खूण असते, जसं ६९ एस. ६९ म्हणजे एका टायरवर ३२५ किलोपर्यंत भार. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

जुन्या लोखंडी रिंगा मुलाने घासून काळ्या रंगवल्या आहेत. तो म्हणतो, आता बरी दिसते. पहिला हप्ता १० तारखेला आला.