आकृतीत नसलेली रेषा



शालेय गणिताच्या इतर शाखांत विद्यार्थ्याला रीत शिकवता येते, आणि ती एकदा हाती बसली की सरळव्याज, भागीदारी, काळ-काम-वेग यांची उदाहरणे थोड्याफार फरकाने त्याच वाटेने सुटतात. भूमितीतील कठीण प्रश्नाचे तसे नाही. त्याला लागणारी सर्व प्रमेये मुखोद्गत असूनही पहिले पाऊल कोठे टाकावे हे उमगत नाही, आणि म्हणूनच कित्येक हुशार मुले या विषयाला दुरूनच नमस्कार करतात. अशा प्रश्नांची तरफदारी करण्यासाठी मी आज आपल्यापुढे आलो आहे, आणि ती एका प्रश्नाचा तपशील मांडूनच करावी असा माझा विचार आहे. ज्यांच्याजवळ कागद आणि पेन्सिल असेल त्यांनी ती कृपया पुढ्यात घ्यावी.

इंग्लंडातील बेडफर्ड येथे अनेक वर्षे गणिताचे अध्यापन केलेले एडवर्ड मॅन लँग्ली यांनी १८९४ साली ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ हे नियतकालिक सुरू केले. याच नियतकालिकात १९२२ साली त्यांनी एक प्रश्न प्रसिद्ध केला. अबक हा समद्विभुज त्रिकोण घ्या. वरचा अ हा कोन २० अंशांचा आणि पायाचे ब व क हे दोन्ही कोन ८० अंशांचे. ब पासून, पाया बक शी ६० अंशांचा कोन करणारी रेषा काढा. ती अक या बाजूला जेथे मिळेल तो बिंदू ड. आता क पासून पायाशी ५० अंशांचा कोन करणारी रेषा काढा. ती अब ला जेथे मिळेल तो बिंदू इ. इ आणि ड हे बिंदू सांधा. कोन बडइ ३० अंशांचा आहे, एवढेच सिद्ध करायचे.

प्रश्न इतका साधा दिसतो की, तो पाच मिनिटांत निकालात काढू अशा उमेदीने विद्यार्थी कोनांची बेरीज-वजाबाकी सुरू करतो. इड ही रेषा आल्याने जे नवे कोन निर्माण झाले त्यांना अक्षरे देऊन तो समीकरणे मांडतो. परंतु ती सर्व एकमेकांतूनच निघालेली असल्यामुळे शेवटी वहीत ‘शून्य बरोबर शून्य’ एवढाच निकाल उरतो. हा श्रम वाया गेला असे मात्र कोणी समजू नये. केवळ कोनांच्या हिशेबाने हे प्रकरण सुटणार नाही, येथे लांबींचीही साक्ष काढली पाहिजे, असा त्या निकालाचा स्पष्ट अर्थ आहे, आणि तो ज्याला कळला त्याने अर्धी वाट चालून संपवली.

लांबींविषयी आकृती काय सांगते ते आता पाहू. त्रिकोण बकइ मध्ये ब चा कोन ८० आणि क चा ५०, तेव्हा इ चा कोनही ५०. सबब बइ आणि बक समान. हा पहिला दाखला हाती आला की विद्यार्थ्याने स्वतःला विचारावे : बक एवढ्याच लांबीची आणखी एखादी रेषा ब पासून निघून समोरच्या अक या बाजूवर पोहोचू शकेल काय? क चा कोन ८० अंशांचा आहे. ज्या समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन ८० अंशांचे, त्याचा शिरःकोन २० अंशांचाच असणार. म्हणून ब पासून बक शी २० अंशांचा कोन करणारी रेषा काढावी, आणि ती अक ला जेथे मिळेल त्या बिंदूला फ म्हणावे. बफ ही बक एवढी झाली; अर्थात ती बइ एवढीही झाली. बइ आणि बफ यांमधील कोन ८० वजा २०, म्हणजे ६० अंशांचा. तेव्हा त्रिकोण बइफ समभुज ठरला. आता त्रिकोण बफड पाहा. त्यात ब चा कोन ६० वजा २०, म्हणजे ४०. आणि त्रिकोण बडक मधील उरलेला कोन ४० असल्यामुळे ड चा कोनही ४०. म्हणून फड आणि फब समान. अशा रीतीने फ पासून ब, इ आणि ड हे तिन्ही बिंदू समान अंतरावर आले. फ हे केंद्र धरून काढलेले वर्तुळ त्या तिहींतून जाते. केंद्राशी बफइ हा कोन ६० अंशांचा, म्हणून परिघावरील बडइ हा कोन त्याच्या निम्मा, ३० अंशांचा.

यात दहावीच्या पाठ्यपुस्तकाबाहेरचे एकही प्रमेय नाही. अडचण होती ती प्रश्नकर्त्याने न दिलेली एक रेषा आपण होऊन काढण्याची. अशी रेषा सुचणे ही ईश्वरी देणगी आहे, ती ज्याला लाभली तो गणिती आणि इतरांनी प्रमेये पाठ करावीत, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे, आणि माझ्या मते भूमितीच्या शिक्षणाचे त्याने फार नुकसान केले आहे. बफ ही रेषा आकाशातून पडली नाही. लांबींचा दाखला हाती आल्यावर ‘यासारखे आणखी कोण आहे?’ या नेमक्या पृच्छेचे ती उत्तर होती. असे प्रश्न आकृतीला विचारण्याची सवय लावता येते, आणि ती लावणे हेच कठीण प्रश्नांचे खरे प्रयोजन होय.

विधान सोपे म्हणून सिद्धता सोपी, असेही भूमितीत गृहीत धरता येत नाही. त्रिकोणाच्या दोन मध्यगा समान असतील तर तो समद्विभुज असतो, हे थोड्या ओळींत सिद्ध होते; दोन शिरोलंब समान असतील तर त्याहूनही लवकर. परंतु दोन कोनदुभाजक समान असतील तर? १८४० साली लेह्मस या जर्मन गणितज्ञाने याच विधानाची शुद्ध भौमितिक सिद्धता पत्राद्वारे स्टर्म यांच्याकडे मागितली. स्टर्म यांनी ती विचारणा इतर गणितज्ञांपुढे ठेवली आणि याकोब श्टाइनर यांनी सिद्धता दिली. जे विधान शाळकरी मुलाला चटकन समजते, त्याच्यासाठी असा पत्रव्यवहार करावा लागला, हे ध्यानात ठेवले तर प्रश्न अडला म्हणून कोणाही मुलाला कमीपणा वाटण्याचे कारण उरणार नाही.

अशा विचाराला अवकाश मात्र हवा. १९९६ साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडसारख्या स्पर्धेतही विद्यार्थ्यांना एका दिवशी तीनच प्रश्न आणि त्यांच्यासाठी साडेचार तास मिळतात. म्हणजे जगातील निवडक मुलांनाही एका प्रश्नाला दीड तासाची मुदत असते. आपल्या वर्गात मात्र फळ्यावर आकृती पडते न पडते तोच सिद्धता लिहून होते, आणि मुले ती उतरवून घेतात. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की, आठवड्याला एकच कठीण प्रश्न द्यावा, पण आठवडा संपेपर्यंत त्याचे उत्तर सांगू नये. आणि वही तपासताना ज्या रेषा काढून मुलाने खोडल्या, त्या का काढल्या आणि का खोडल्या, हे त्याला आस्थेने विचारावे. पालकांना भूमिती येत नसली तरी हे विचारणे त्यांनाही सहज जमेल.

आपल्या घरच्या विद्यार्थ्यासाठी एक प्रश्न देऊन मी आपली रजा घेतो. त्रिकोण तोच, २०, ८०, ८० अंशांचा. ब पासूनची रेषा पायाशी पूर्वीप्रमाणेच ६० अंशांचा कोन करते. परंतु क पासूनची रेषा पायाशी ५० ऐवजी ७० अंशांचा कोन करते. इ आणि ड सांधल्यावर कोन डइक किती अंशांचा होईल? कोनमापकाने मोजून आलेला आकडा हा केवळ अंदाज समजावा, सिद्धता वेगळी द्यावी. मघाची आपली रेषा येथे जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही. या आकृतीला कोणता प्रश्न विचारायचा, ते ज्याचे त्यानेच शोधायचे आहे.